वर्गाचा फोटो

(डिसेंबर २०२३ मध्ये मुलुंडला शाळेच्या सभागृहात झालेल्या १९९८च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. पडद्यावर दाखवलेले फोटो इथे देता आलेले नाहीत, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



आधी एक खुलासा. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘छायाचित्रकार’ असं छापलंय. ते खरं नाही. मी सॉफ्टवेअरवाली. इंजिनिअरिंग संपवून २००४ साली अंधेरीला सीप्झमध्ये चिकटले, तेव्हापासून आजपर्यंत पोट कोडवरच भरतंय. फोटो काढणं हा रविवारचा उद्योग. घरातले त्याला ‘भांडुपला चिखल बघायला जाणं’ म्हणतात. त्या चिखलाकडे नंतर येते.

समितीने मला विषय दिला होता, ‘मोबाइलवर चांगले फोटो कसे काढावेत व कसे सुधारावेत’. वेळ वीस मिनिटं. मी हो म्हटलं, टिपणं काढली, आणि मग मधल्या दोन महिन्यांत एक फोटो माझ्या मागे लागला. त्यामुळे आज मी मुख्यतः त्या एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. तो तुम्हा सगळ्यांकडे आहे. निदान होता.

हा बघा. जानेवारी १९९८, आपल्या याच इमारतीच्या पायऱ्या. पुढे खुर्च्यांवर सहा शिक्षक, जमिनीवर बसलेली मुलं, मधोमध काळी पाटी, तिच्यावर खडूने ‘इयत्ता १०वी अ’. एक्कावन्न मुलं. बावन्नावा कांजिण्यांनी घरी होता आणि ते दुःख तो अजून सांगतो. खाली नावं नाहीत, कारण नावं छापायचे पैसे वेगळे पडत होते आणि आपण वर्गात मतदान करून ते वाचवले होते. त्याचे परिणाम गेले दोन महिने मी भोगले.

स्मरणिकेसाठी हा फोटो हवा होता. ग्रुपवर कुणीतरी मोबाइलने काढून टाकलेला होता, टेबलावर ठेवून, वर पंख्याची सावली. समितीचा मला निरोप आला, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, जरा क्लिअर करून दे.’ रात्री अकरा वाजता, ऑफिसचा कॉल संपवून, मी तो फोटो एका ॲपमध्ये टाकला. ॲपचं नाव सांगत नाही, अशी डझनभर आहेत. अर्ध्या मिनिटात फोटो लख्ख झाला. मागच्या रांगेतल्यांच्याही पापण्या दिसायला लागल्या. मी तो ग्रुपवर टाकला आणि झोपले. सकाळी उठून बघते तर हृदयं, टाळ्या, ‘काय दिसतोय आपण!’ मी खूश. नीट बघितलं कुणीच नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. कुठल्या काकू ते सांगायला नको. आपल्या वर्गातली जी आज इथे नाही, २०११ पासून नाही, तिची आई. ग्रुपवरचा फोटो त्यांना कुणीतरी पाठवला होता. काकू आधी माझ्या आईची चौकशी करत होत्या, मग मुलांची. मग म्हणाल्या, “अगं, तिची भुवई कुणी भरली?”

तुम्हाला आठवत असेल. आठवीत लंगडीच्या सामन्यात ती त्या कठड्यावर आपटली होती. डाव्या भुवईत तीन टाके. पुढे तिथे केस आलेच नाहीत, भुवईत एक खाच राहिली, आणि ती त्या खाचेवर बोट ठेवून गणितं सोडवायची. मी सुधारलेल्या फोटोत भुवई अखंड होती, रेखीव. हसण्यात दिसणारा पुढचा वाकडा दातही सरळ झाला होता. फोटोत एक गोड मुलगी होती, पण ती आपली नव्हती.

काकूंना हे इतकं का लागलं ते नंतर कळलं. त्यांची मुलुंड पूर्वेची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या दोन घरांत चार पावसाळे काढले. अल्बमची पेटी एका घरात भिंतीला लागून होती, भिंतीला ओल होती. आता त्यांच्याकडे तिचे फोटो म्हणजे ओळखपत्रांचे दोन-तीन आणि हा वर्गाचा, फ्रेममधला. फ्रेममधल्यावर बुरशी चढली ती नेमकी डाव्या बाजूने, तिच्या चेहऱ्यावर. म्हणून त्या मी केलेला फोटो मोठा करून लावणार होत्या. दुकानात द्यायला निघाल्या आणि चष्मा लावून एकदा नीट पाहिलं.

आता इंजिनिअर म्हणून सांगते की काय झालं. यात जादू काही नाही, साधा हिशेब आहे. मूळ फोटो दहा इंच रुंद. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की मोठ्या बाजूला साधारण १६०० ठिपके उरतात, ठिपके म्हणजे पिक्सेल. दहा इंचांत १६००, म्हणजे इंचाला १६०. तिचा चेहरा मागच्या रांगेत, कागदावर जेमतेम आठ मिलिमीटर उंच. म्हणजे पन्नास ठिपके उंच आणि चाळीस रुंद. अख्खा चेहरा दोन हजार ठिपक्यांत. खऱ्या चेहऱ्याचे चार मिलिमीटर एका ठिपक्यात कोंबलेले, आणि भुवईतली खाच असेल चार-पाच मिलिमीटरची. म्हणजे तिचा तो खाचेचा पुरावा एक ठिपका. फिकट.

ॲपने मला परत काय दिलं? चारशे ठिपके उंच चेहरा. दोन हजारांचे सव्वा लाख झाले. वरचे सव्वा लाख आले कुठून? फोटोतून तर नाही, तिथे नव्हतेच. ही प्रणाली लाखो चेहरे बघून शिकलेली असते आणि जिथे माहिती नाही तिथे ‘इथे बहुधा असं असतं’ ते भरते. बहुधा भुवई अखंड असते. बहुधा दात सरळ असतात. तो फिकट ठिपका तिने कचरा समजून पुसून टाकला. बाकीच्या पन्नास जणांचंही तेच झालंय, फक्त आपण जिवंत असल्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. हवं तर चहाच्या वेळी आपापला चेहरा तपासा. एकाचा तर चष्म्याचा आकार बदललाय.

मी काकूंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगं तू चांगलंच करायला गेलीस.” त्याने जास्तच वाईट वाटलं.

शनिवारी काकूंकडे गेले, पाठीवर स्कॅनर घेऊन. फ्रेम उघडली तर फोटो काचेला चिकटलेला. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असेल, म्हणून सांगते. ओढायचा नाही. कोरडा ओढलात तर चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काच बाहेरून पुसायची आणि काचेसकटच फोटो घ्यायचा. माझा स्कॅनर पातळ, स्वस्तातल्या जातीचा, त्याला काचेच्या जाडीएवढं अंतरही सहन होत नाही, सगळं धूसर आलं. मग कॅमेरा लावला. खिडकीच्या बाजूला फ्रेम, दिवा बंद, फ्लॅश अर्थातच बंद, आणि कॅमेऱ्यामागे काकूंची काळी शाल धरली, म्हणजे काचेत माझंच प्रतिबिंब येऊ नये. कॅमेरा फ्रेमला अगदी समांतर. बाकीचा वर्ग छान आला. पण तिच्या चेहऱ्यावरची बुरशी ही बुरशीच. तिथे कागदावरचा रंगच खाल्ला गेला होता. तो माझ्याकडून परत येणारा नव्हता.

मग मी भीक मागायला निघाले. मूळ प्रिंट कुणाकडे आहे? एक्कावन्नांपैकी बहुतेकांचं उत्तर, ‘आईकडे असेल’ किंवा ‘मूव्ह झालो तेव्हा…’ शेवटी तीन मूळ प्रती मिळाल्या. एकीवर चहाचा गोल डाग. दुसरीवर सरांना निळ्या बॉलपेनने मिशा काढलेल्या. ती प्रत कुणाची ते मी सांगणार नाही, सर, पण तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय आणि खाली बघतोय. तिसरी आपल्या वर्गशिक्षिका बाईंची. बाईंनी ती निवडणूक ड्यूटीच्या खाकी पाकिटात, कपाटात आडवी ठेवली होती. पंचवीस वर्षं अंधारात आणि कोरडी. ना फ्रेम, ना चिकटपट्टीवाला अल्बम. आज इथे जतनाचं जे काही शास्त्र सांगता येईल ते बाईंनी त्या पाकिटात आधीच केलं होतं.

ती प्रत मी इंचाला सहाशे ठिपक्यांनी स्कॅन केली. फाइल जेपेगमध्ये नाही, टिफमध्ये, कारण जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं फेकून देतं. दहा बाय आठ इंच, म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार आठशे. तिचा चेहरा आता जवळजवळ एकशे नव्वद ठिपके उंच. एका मिलिमीटरला एक ठिपका. खाच चार-पाच ठिपक्यांची. अंधूक आहे, पण आहे. मी रात्री स्क्रीनवर मोठं करत गेले आणि ती दिसली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून जरा बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

आता ‘कसे सुधारावेत’ हा भाग. नाहीतर समिती रागवेल.

अंधारात राहिलेले त्या काळातले रंगीत प्रिंट बहुतेक वेळा तांबूस होतात. रंगाचे तीन थर असतात आणि तिन्ही एकाच वेगाने उडत नाहीत. अंधारात सहसा निळसर थर आधी दगा देतो, मग उरतो तांबडेपणा. उन्हात किंवा ट्यूबलाइटसमोर लावलेल्या फ्रेमचं वेगळं, तिथे वेगळा थर आधी जातो. हे दुरुस्त करायचं तर प्रोग्रामला सांगावं लागतं की या फोटोत पांढरं काय आणि काळं काय. मला वाटलं सोपं आहे, अख्खा वर्ग पांढऱ्या गणवेशात. एका शर्टवर क्लिक केलं तर सगळे चेहरे पिवळे. दुसऱ्या शर्टवर केलं तर ठीक. तिसऱ्यावर करते तर पुन्हा पिवळे, जरा वेगळे. मग डोक्यात प्रकाश पडला. नीळ! आपल्या आया शर्टाला नीळ घालायच्या, आणि प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. एक्कावन्न घरांचे एक्कावन्न पांढरे. कुणाची आई सढळ हाताची होती ते अजून फोटोत मोजता येतं. शेवटी मी पाटीवरचा खडू पांढरा धरला, पाटी काळी धरली, आणि मग सगळं जागेवर आलं. साधनं साधीच आहेत. लेव्हल्स आणि कर्व्हज. फुकटच्या गिम्पमध्ये आहेत, मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये कर्व्हज आहे. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे सरकवायचे, घाई न करता. अधूनमधून उठून पाणी पिऊन यायचं, कारण डोळे चुकीच्या रंगाला पाच मिनिटांत सरावतात.

डाग, ओरखडे, धूळ. यासाठी हीलिंगचा ब्रश असतो, शेजारचा तुकडा उचलून वर बसवतो. मी एक नियम ठरवला होता. कागदाला जे झालंय ते काढायचं, माणसाला जे झालंय त्याला हात लावायचा नाही. भिंतीवरचा ओरखडा गेला. तारुण्यपिटिका राहिल्या. ‘माझ्या पिटिका तेवढ्या घालव ना’ असे मला चार खासगी मेसेज आले, तीन पुरुषांचे.

पेच कांजिण्यावाल्याचा होता. तो म्हणाला, मला घाल. माझा नववीचा फोटो देतो, तिसऱ्या रांगेत जागा आहे. करता आलं असतं, आता तर पाच मिनिटांचं काम. ग्रुपवर दोन तट पडले, तुम्ही सगळे त्यात होतात. मला ते पटत नव्हतं आणि त्याला नाही म्हणणंही पटत नव्हतं. उपाय जुन्या स्टुडिओवाल्यांचा निघाला. पूर्वी कार्यकारिणीचा किंवा लग्नाचा फोटो असला आणि एखादा गैरहजर असला, की वरच्या कोपऱ्यात गोल करून त्याचा चेहरा बसवत. गोल म्हणजे, हा आमचाच, पण त्या दिवशी नव्हता. स्मरणिकेत तो तसा गोलात आहे. त्याला आवडलंय. म्हणतो, मीच एकटा क्लोजअपमध्ये.

रिटचिंग हे कॉम्प्युटरचं पाप आहे असं मात्र समजू नका. आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्यानंतरच्या पिढ्यांत निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने सुरकुत्या बुजवणारे कारागीर स्टुडिओत असायचे, आणि काळ्यापांढऱ्या आजोबांच्या पागोट्याला हाताने रंग भरणारेही. फरक एवढाच की तो कारागीर समोरचा माणूस बघून काम करायचा, किंवा निदान घरच्यांना विचारून. माझ्या ॲपने कुणालाच विचारलं नाही. आणि मीही नाही.

काय चालतं आणि काय नाही याची रेघ कुठे मारायची, हे हौशी लोक नेहमी विचारतात. मी एका फोटोकडे बोट दाखवते. आपल्या मुंबईच्या नयन खानोलकर यांना २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. आरे कॉलनीतला वारली पाडा, रात्र, दोन घरांमधली बोळ आणि त्यातून चालत येणारा बिबट्या. लोकांना वाटतं नशीब. नशीब कसलं! त्यांनी बोळ आधी निवडली, कॅमेरा सापळा लावला, फ्लॅश असे बसवले की बोळीत एरवी असतो तसाच उजेड वाटावा, आणि मग महिनोन् महिने वाट पाहिली. सगळी कारागिरी बिबट्या येण्याच्या आधीची. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका वर्षी मुंगीखाऊ प्राण्याचा एक बक्षीसपात्र फोटो परीक्षकांनी २०१८ मध्ये बाद केला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला आहे असा निष्कर्ष निघाला. उजेड हवा तसा लावा, पण बिबट्या आलेला असला पाहिजे.

आता भांडुपचा चिखल. पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे पंपिंग स्टेशनचा रस्ता, पुढे ठाण्याची खाडी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे रोहित पक्षी असतात, फ्लेमिंगो. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीतलं स्थळ. पलीकडे ऐरोलीहून वनखात्याची बोट मिळते, ती भरतीच्या वेळा बघून सुटते, म्हणून कॅमेऱ्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. तिथे मी हौशी लोकांची एकच चूक शंभर वेळा पाहिलीय, स्वतःचीही. घरी येऊन गुलाबी रंगाची पट्टी उजवीकडे ढकलायची. पक्षी एवढे गुलाबी नसतात. पिल्लं तर राखाडीच असतात, गुलाबीपणा पुढे शेवाळातल्या रंगद्रव्यातून येतो. रंग वाढवला की आधी पिसांमधला फरक जातो आणि एक सपाट गुलाबी डाग उरतो. त्याऐवजी काढतानाच थोडा कमी उजेड घ्या, मोबाइलवर बोट दाबून धरलं की सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा. म्हणजे पांढुरकी पिसं जळत नाहीत. जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याच प्रोग्रामने परत येत नाही. अंधारातलं मात्र बरंच वर काढता येतं.

मोबाइलबद्दल बाकी फार नाही. एक, काच पुसा. मी गंमत करत नाहीये. आपले निम्मे ‘धुकट’ फोटो बोटाच्या तेलाचे असतात, वडापावनंतर तर नक्कीच. दोन, ब्यूटी मोड तपासा. काही फोनांत तो न सांगता चालू असतो आणि तुमच्या आईच्या चेहऱ्यावरच्या रेषा काढताक्षणीच पुसतो, मग मूळ असं काही उरतच नाही. तीन, चांगला फोटो पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यंदा एचडीची सोय आलीय, पण डॉक्युमेंट म्हणजे फाइल जशीच्या तशी.

जपून ठेवण्याबद्दल एक मिनिट. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी सीप्झहून पवईमार्गे चालत रात्री उशिरा मुलुंडला पोचले. माझी मावशी कुर्ल्याला तळमजल्यावर. दोन दिवसांनी गेलो तर अल्बम पाण्याने फुगलेले. मावशीने घाईने पानं सोलली आणि तिचं अर्धं लग्न पानांना चिकटून राहिलं. उरलेले आम्ही स्वच्छ पाण्यात बुडवून सुटे केले, चित्र वर ठेवून दोरीखाली, पंख्यापासून लांब वाळवले, ते वाचले. आणि एका डब्यात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, त्या धुऊन घेतल्यावर चक्क ठीक निघाल्या. म्हणून घरातली निगेटिव्ह फेकू नका, ‘आता कोण बघतंय’ म्हणून. आणि डिजिटलसाठी तीन प्रती, दोन वेगळ्या जागी, त्यातली एक घराबाहेर. फोनमध्ये आहे म्हणजे ठेवलंय असं नाही. फोन लोकलमध्ये जातो.

नावं. स्मरणिकेत रांगवार नावं दिली आहेत. एक्कावन्नांपैकी एकोणपन्नास मी आणि समितीने ओळखले. दोन राहिले. एक तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, चेहरा पुढच्याच्या डोक्याआड अर्धा. ॲपला विचारलं असतं तर त्याने त्याला छानसा अख्खा चेहरा दिला असता. मी बाईंना स्कॅन दाखवला. बाईंनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “हा खांदा वाकडा करून उभा राहायचा, दप्तर एकाच खांद्याला. वर्षभरासाठी आला होता, वडिलांची बदली झाली.” आणि नाव सांगितलं. दुसऱ्या मुलीचं बाईंनाही आठवलं नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत, दोन वेण्या, उजवीकडून सहावी. चहाच्या टेबलावर मोठी प्रत ठेवलीय. आज कुणी सांगितलं तर बरं, नाहीतर तिथे रिकामी जागा सोडून छापू. अंदाजाने नाव घालणार नाही.

काकूंना मी नवीन प्रत मागच्या आठवड्यात दिली. फक्त तिचा चेहरा मोठा करून नाही. तसा केला असता तर पुन्हा धूसर दिसला असता, आणि तो धूसरपणा मला आता भरायचा नव्हता. अख्खा फोटो दिला, सोळा बाय वीस इंच. काकूंनी तो बराच वेळ बघितला आणि तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या चौकश्या केल्या. कोण कुठे, कुणाला किती मुलं. आधीचा ॲपवाला त्यांनी फोनमधून काढून टाकला का, हे मी विचारलं नाही. एवढं धैर्य नाही झालं.

आता आजचा फोटो. त्याच पायऱ्या, अकरा वाजता. अकराला पायऱ्यांवर अर्धं ऊन, अर्धी सावली असेल आणि तशात काढला तर निम्मे लोक भुतासारखे पांढरे येतात. म्हणून मी सकाळी येऊन पाहिलंय, इमारतीच्या सावलीत पायऱ्यांची उजवी बाजू धरू, तोंडं मैदानाकडे, मोकळ्या आकाशाकडे. मी लांब उभी राहून झूम करून काढणार आहे. जवळून रुंद लेन्सने काढला की कडेचे लोक आडवे ताणले जातात, आणि कडेला कोण उभं राहायचं यावर या वयात भांडणं नकोत. डोळ्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी, निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी, चक्क गणित मांडलंय आणि त्याबद्दल त्यांना २००६चं इग नोबेल मिळालं. चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढले तर एकात सगळ्यांचे डोळे उघडे मिळतात. पण हे विसाच्या आतल्या गटासाठी. आज आपण अडतीस आहोत, बाई आणि सर धरून. अडतीसला ते गणित पाळत बसलो तर जेवण थंड होईल.

म्हणून मी एका दमात वीसेक काढणार आणि ज्याचे डोळे मिटलेले असतील त्याचे शेजारच्या फोटोतून आणून बसवणार. हे मी आधीच सांगून ठेवतेय. ते डोळे त्याचेच, त्याच मिनिटाचे. तरी समितीतल्या एकाचं म्हणणं आहे की मिटले तर मिटले, मिटलेलेच छापा. त्याचं चूक आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही. ज्यांना आपले मिटलेले डोळे चालतील त्यांनी मला चहाच्या आधी सांगा.

उंच मंडळी मागे. पूर्वी जी उंच होती ती नाही, आत्ता जी आहेत ती. बाई आणि सर खुर्च्यांवर. पाटी मी आणलीय, खडूही. आणि मागच्या रांगेत डावीकडून तिसरी जागा आपण मोकळी ठेवायची असं कालच ग्रुपवर ठरलंय, तर घोळक्यात तिथे कुणी सरकू नका.